चिंगीची सायकल : मराठी बालपुस्तकांतल्या खट्याळ मुलीचा आढावा

‘चिंगी’ हे मराठी घरांत आता विशेषनाम राहिलेले नाही. बडबडी, हट्टी, एका जागी न बसणारी आणि मोठ्यांच्या बोलण्यात नको तिथे तोंड घालणारी कोणतीही मुलगी चिंगीच. या नावाला पुस्तकाचा पुठ्ठा मिळाला तो नारायण धोंडदेव ताम्हनकर (१८९३–१९६१) यांच्याकडून. त्यांचा ‘गोट्या’ तीन भागांत आला, तो अधिक गाजला. ‘चिंगी’ त्याच घराण्यातली. मराठीत शाळकरी मुलीभोवती फिरणाऱ्या विनोदी बालपुस्तकांचा शोध घेऊ लागले की पहिला मुक्काम इथेच करावा लागतो, आणि पुढचा मुक्काम बऱ्याच लांब आहे हेही लगेच लक्षात येते.

ताम्हनकरांचे लेखन किर्लोस्करवाडीच्या वातावरणात वाढले. ‘किर्लोस्कर’ १९२० मध्ये, ‘स्त्री’ १९३० मध्ये आणि ‘मनोहर’ १९३४ मध्ये सुरू झाले. ही मासिके मध्यमवर्गीय घरात येत, आईवडील ती वाचत आणि मुले ती पळवत. ताम्हनकरांची बालपात्रे या घरातली आहेत. तिथे राजपुत्र नाही, राक्षस नाही. पाहुणे आहेत, शेजारी आहेत, शाळेचे मास्तर आहेत, फुटलेली कपबशी आहे. गोष्ट लहान, संवाद भरपूर, आणि प्रत्येक गोष्ट आपल्यापुरती पूर्ण. मुलांच्या विनोदी पुस्तकमालेचा साचा जगभर साधारण असाच असतो. पात्राचे वय फारसे वाढत नाही, घर आणि शाळा बदलत नाहीत, खोड्या मात्र दर वेळी नव्या. वाचणारे मूल चौथ्या पुस्तकापासून सुरुवात करून पहिल्याकडे आले तरी काही बिघडत नाही.

मुलाला असा साचा सहज मिळाला. मुलीला मिळायला आधी तिचे शाळेत जाणे नेहमीचे व्हावे लागले. पुण्यात भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली, हुजूरपागा १८८४ मध्ये. त्या काळात मुलींसाठी जे लिहिले गेले त्यात विनोद शोधू नये. तिथे मुलगी सुधारावी लागत होती, हसवायला कोणाला वेळ नव्हता. उर्दूतही तेच. डिप्टी नझीर अहमद यांच्या ‘मिरात-उल-उरूस’ (१८६९) या पुस्तकात अकबरी आणि असगरी या दोन बहिणी आहेत. असगरी शहाणी, टापटिपीची, हिशेबी. अकबरी लाडावलेली, फटकळ, घर उधळणारी. नझीर अहमद पुढे हैदराबाद संस्थानात अधिकारी होते, त्यामुळे मराठवाड्याच्या उर्दू वाचणाऱ्या घरांना हे पुस्तक परके नव्हते. लेखकाने सगळे गुण असगरीला दिले. तरीही पुस्तक जिवंत होते ते अकबरी बोलू लागली की. खट्याळ मुलीची ही जुनी दैना आहे : तिला पानावर येता येते, पण धडा म्हणून.

मराठीतली सगळ्यात मजेदार लहान मुलगी त्या काळात खरे तर बालसाहित्यात नव्हतीच. ती आत्मचरित्रात होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधली, नाशिकजवळच्या जलालपूरची मनू ही शाळेत न गेलेली आणि लहानपणीच लग्न झालेली मुलगी. सोवळ्याओवळ्याच्या कडक घरात ती जे काही पाहते आणि करते त्यावर आजही हसू आवरत नाही. हे पुस्तक प्रौढांसाठी लिहिलेले, १९३४ पासून भागांनी आलेले, आणि लिहिणारी बाई तेव्हा साठी ओलांडलेली. मुलीचा खट्याळपणा सांगायची मुभा तिला म्हातारपणी मिळाली. मुलीने मुलीपणातच तो मिरवावा, अशी पुस्तके त्यानंतरही थोडीच झाली.

मुलग्यांची रांग मात्र लांब आहे. गंगाधर गाडगीळांची ‘लखूची रोजनिशी’ आहे. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे आहे, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आहे. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही मिळाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून वृत्तपत्राच्या पानावर आला आणि मग पुस्तकांत गेला. गोट्याची दूरदर्शन मालिका झाली. फास्टर फेणेची मालिका झाली, २०१७ मध्ये चित्रपट आला. बोक्याचा चित्रपट २००९ मध्ये, पुढे चिंटूचाही. पडद्यावर गेलेल्यांच्या या यादीत चिंगी नाही.

या मुलांच्या गोष्टींत मुली नाहीत असे नाही. गोट्याच्या घरात सुमा आहे. फास्टर फेणेची बहीण माली आहे. चिंटूच्या टोळीत मिनी आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन बालवाङ्मयातला म्हणता येणार नाही, पण त्याच्या शाळकरी जगात सुमी आहे आणि ती पुष्कळदा लंपनपेक्षा चार पावले पुढे असते. या सगळ्या मुली हुशार आहेत, बोलक्या आहेत, मुलाची फजिती पाहायला आणि वेळ आली तर ती सावरायला हजर आहेत. परंतु गोष्ट त्यांच्या पायांनी चालत नाही. ‘सुमा’ नावाची किंवा ‘माली’ नावाची पुस्तकमाला कोणी काढली असती तर काय झाले असते, याचे उत्तर अमेरिकेत मिळते.

बेव्हर्ली क्लीअरी या ग्रंथपाल बाईंनी १९५० मध्ये हेन्री हगिन्स नावाच्या मुलावर पुस्तक लिहिले. हेन्रीच्या शेजारी एक मुलगी राहत होती आणि तिची एक त्रासदायक धाकटी बहीण होती. ती रमोना. सुरुवातीला ती गोष्टीत केवळ अडथळा म्हणून होती. १९५५ मध्ये तिचे नाव एका पुस्तकाच्या शीर्षकात आले, १९६८ मध्ये ती बालवाडीत गेली आणि पुस्तकाची मालकीण झाली. रमोनाची आठ पुस्तके झाली, शेवटचे १९९९ चे. मुलग्याच्या पुस्तकात शेजारून डोकावणाऱ्या मुलीने मुलग्याला मागे टाकले. सुमा, माली आणि मिनी यांना शेजारीच ठेवले गेले, एवढाच काय तो फरक.

रमोनाच्या विनोदाची घडण पाहण्यासारखी आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी बाई तिला ‘सध्या’ इथे बस म्हणतात; इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ ‘भेटवस्तू’ असाही होतो, म्हणून ती भेटीची वाट पाहत जागची हलत नाही. मोठ्यांची भाषा शब्दशः घेणे हे या मालिकांचे मुख्य हत्यार. मराठीत त्याला दारूगोळा कमी नाही. बाई म्हणाल्या, “उद्या कविता पाठ करून या,” आणि मुलगी रात्रभर कवितेकडे पाठ करून बसली, इतके साधे. ‘तोंड सांभाळ’, ‘कान दे’, ‘डोके खाऊ नकोस’ यांतल्या प्रत्येकावर सात वर्षांची मुलगी एकेक गोष्ट उभी करू शकते. चिंगीच्या जातीच्या गोष्टी या बोलण्यावरच तगतात.

इथे मुलग्यांच्या आणि मुलींच्या गोष्टींतला खरा भेद दिसतो. फास्टर फेणेचा जीव सायकलीत आहे. तो गावाबाहेर जातो, चोरांच्या मागे लागतो, रात्री उशिरा परततो, आणि त्याबद्दल घरचे रागावले तरी गोष्ट थांबत नाही. मुलीला हे स्वातंत्र्य पुस्तकातही नव्हते. ती अंगण, ओटा, माजघर आणि शाळेचा वर्ग एवढ्यात फिरते. मग तिच्यापाशी उरते जीभ. ती प्रश्न विचारते, नकला करते, पाहुण्यांसमोर घरातली गुपिते सांगते. त्यातून विनोद उत्तम होतो, पण जागा अपुरी पडते. एका खोलीत किती गोष्टी घडवणार? बोक्याला, फेणेला दर वेळी नवे ठिकाण मिळते. चिंगीला पाहुणे बदलावे लागतात. लेखकांची कल्पनाशक्ती कमी पडली हे कारण पुरेसे वाटत नाही. ‘मुलीच्या जातीला’ या दोन शब्दांनी सुरू होणारे वाक्य ज्या घरात दिवसातून चारदा बोलले जाते, त्या घरातल्या मुलीची भटकंती लेखकाला खरी वाटेल अशी लिहिता येत नव्हती.

ज्यांनी मुलीला घराबाहेर काढले त्यांनी म्हणूनच दुसऱ्या वाटा शोधल्या. एक वाट स्वप्नाची. भा. रा. भागवतांनीच लुई कॅरलच्या ॲलिसला मराठी केले; त्यांच्या ‘जाईची नवलकहाणी’त ती जाई झाली. सशाच्या बिळातून खाली गेलेल्या मुलीला कोणाची परवानगी लागत नाही. दुसरी वाट अनुवादाची. शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मधली ज्यो मराठी मुलींच्या किती पिढ्यांनी आपली मानली याला गणती नाही, पण ते पुस्तक हसवण्यापेक्षा रडवते अधिक. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ (जपानीत १९८१) चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणले आणि शिक्षकांच्या हातात ते जवळजवळ पाठ्यपुस्तकासारखे फिरले.

तोत्तोचानजवळ थोडे थांबायला हवे. ही मुलगी पहिलीतच शाळेतून काढली जाते. कारणे अशी की ती डेस्कचे झाकण शंभरदा उघडते आणि मिटते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. पुढे ती आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेत जाते. तिथे तिचे आवडते पाकीट संडासाच्या टाकीत पडते, तर ती बाहेरून टाकी उपसू लागते. मुख्याध्यापक कोबायाशी येतात, पाहतात आणि एवढेच सांगतात की झाल्यावर सगळे परत आत टाक. मराठी शिक्षकांना या पुस्तकात शिक्षणपद्धती दिसली आणि ते रास्तच होते. मुलांना दिसली ती घाणीच्या ढिगाजवळ उभी असलेली, अजिबात न घाबरलेली मुलगी. खोडी काढणाऱ्या मुलीला शिक्षा न होता गोष्ट पुढे सरकते, हा अनुभव मराठी बालवाचकाला जपानहून मिळाला. अर्थात हे एकच पुस्तक आहे, मालिका नव्हे. आणि ते घडलेल्या बालपणाचे आहे.

स्वीडनची पिप्पी (१९४५) त्याहून धीट : आईवडील जवळ नसलेली, घोडा उचलणारी. अमेरिकेतली ज्युनी बी. जोन्स (१९९२ पासून) चुकीचे व्याकरण बोलते म्हणून तिकडच्या पालकांनी आणि शिक्षकांनी तक्रारी केल्या. या तक्रारी मराठी कानांना ओळखीच्या वाटतील. मुलांच्या पुस्तकात भाषा ‘शुद्ध’च हवी हा आग्रह मराठीत कधी सैल झालेला नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा फटका विनोदाला बसला आहे. कोल्हापूर-सांगलीकडे मुली स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मराठवाड्यात ‘काय करायलीस?’, ‘कुठं जायलीस?’ हे रोजचे. छत्रपती संभाजीनगरच्या गल्लीत त्यात दखनी मिसळते आणि ‘नक्को’, ‘हौ’, ‘काइकू’ मराठी बोलणाऱ्या मुलीच्याही तोंडी येतात. ही भाषा जशीच्या तशी पुस्तकात आली तर अर्धा विनोद लेखकाला फुकट मिळेल. आपल्या पुस्तकमालांतली मुले मात्र बहुतेक पुण्या-मुंबईची आणि तशीच बोलणारी.

याच काळात एक मुलगी वेगळ्याच दारातून आली. युनिसेफने १९९० च्या दशकात दक्षिण आशियासाठी मीना ही व्यक्तिरेखा घडवली. सचेतपटकार राम मोहन यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. भाऊ राजू, मिठू नावाचा आगाऊ पोपट, आणि शाळेत जायला मिळावे म्हणून धडपडणारी नऊ-दहा वर्षांची मीना. पहिल्या गोष्टीत ती शाळेत नाहीच. पोपट शाळेच्या खिडकीत बसून पाढे ऐकून येतो आणि तिला शिकवतो. पुढे कोंबड्या मोजता येतात म्हणून ती चोरी उघडकीला आणते. सचेतपटांबरोबर चित्रपुस्तिकाही निघाल्या. महाराष्ट्रात शाळांमधून मीना-राजू मंच चालले, मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांतही हे नाव परिचयाचे झाले. मीना धीट आहे, चतुर आहे, पण प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तिला हुंडा, हात धुणे किंवा सकस आहार यांतले काहीतरी पोचवायचे असते. तिला निरर्थक दंगा करायची परवानगी नाही. सगळा दंगा पोपटाला दिला आहे, आणि मुलांना पोपट लक्षात राहतो.

अलीकडच्या तीन दशकांत चित्र काहीसे बदलले आणि त्याचे बरेच श्रेय माधुरी पुरंदरे यांना जाते. ‘राधाचं घर’ हा त्यांचा पुस्तकसंच घरातल्या माणसांविषयी छोट्या राधाच्या नजरेतून बोलतो. वाक्ये अगदी लहान, चित्रे त्यांचीच, उपदेश शून्य. राधा खोड्या फारशा काढत नाही. ती पाहते, आणि तिच्या पाहण्यातच गंमत आहे. मोठी माणसे किती विचित्र वागतात हे मुलीने शांतपणे नोंदवणे, हा विनोदाचा प्रकार मराठीत तोवर जवळजवळ नव्हता. पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्याच पुरस्काराने २०२२ मध्ये संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ची दखल घेतली. पियू शाळकरी मुलगी, आणि लिहिणारीही तीच. लखूच्या रोजनिशीनंतर मुलीच्या वहीला राष्ट्रीय पुरस्कार मिळायला किती वेळ लागला, हे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की कळते. पडद्यावर याच काळात ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) मधली झेंडू आली : पंढरपूरची, फटकळ, भावाबरोबर जत्रेत बांगड्यांचे दुकान मांडणारी. तिथेही प्रश्न सायकलीचाच होता, आणि ती सायकल विकली जाऊ नये म्हणून दोघे खटपट करतात.

छत्रपती संभाजीनगरच्या बाजूने पाहिले तर हा सगळा इतिहास थोडा उशिराने सुरू होतो. निजामी राज्यात माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. ते राज्य संपेपर्यंत, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, मराठी वाचन टिकवण्याचे काम मोजक्या खासगी शाळा, वाचनालये आणि १९४३ मध्ये स्थापन झालेली मराठवाडा साहित्य परिषद यांच्यावर होते. किर्लोस्करवाडीची चिंगी पुण्यात धुमाकूळ घालत होती तेव्हा इथल्या मुलीला ती मासिके हातात पडणे हीच दुर्मीळ गोष्ट. पुढे शाळा वाढल्या. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये निघाले आणि खेड्यातल्या शाळेपर्यंत गेले. शहरात बाबा भांड यांनी साकेत प्रकाशन उभे केले. ते स्वतः किशोरांसाठी लिहिणारे. त्यांची ‘दशक्रिया’ गोदाकाठच्या, पैठणच्या घाटावरच्या पोराची आहे. मराठवाड्याच्या मातीतले मूल मराठी पुस्तकात आले ते असे, गरिबीच्या काठाने आणि मुलगा होऊन.

वाचणाऱ्या मुली मात्र थांबलेल्या नाहीत. शहरात २०२१ मध्ये एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने मोहल्ला बाल वाचनालये सुरू झाली. गल्लीतल्या एखाद्या घरात कपाट, त्यात उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी पुस्तके, आणि सांभाळणारी मुलेच. पुढे अशी अनेक वाचनालये निघाली. एखाद्या पुस्तकमालेने नायिका शोधायला बाहेर पडावे तर तिला फार लांब जावे लागणार नाही.

नायिकेच्या पायांचा प्रश्नही आता पूर्वीसारखा नाही. मानव विकास कार्यक्रमाचे आयुक्तालय याच शहरात आहे. या कार्यक्रमाने राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या. मुलींची शाळेत ने-आण करण्यासाठी एसटीच्या निळ्या बस सुरू झाल्या. कन्नड, वैजापूर, पैठणच्या रस्त्यांवर सकाळी दहाच्या सुमारास मुलींच्या सायकलींची रांग दिसते. दप्तर कॅरिअरला, दुसरी मैत्रीण पुढच्या दांड्यावर, आणि गप्पा अशा की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही. निळ्या बसमधली एक फेरी म्हणजे पुस्तकाचे एक प्रकरण. फास्टर फेणेकडे जे होते ते या मुलींकडे आहे, आणि चिंगीची जीभ तर आहेच.

प्रकाशनाच्या बाजूने अडचणी आहेत. मालिका म्हणजे एकाच चित्रकाराला आणि एकाच लेखकाला काही वर्षे बांधून ठेवणे. पहिली दोन पुस्तके तोट्यात गेली तरी तिसरे काढायचे. मराठी बालपुस्तकांची विक्री शाळांच्या खरेदीवर आणि बक्षीस समारंभांवर बरीच अवलंबून असते, आणि बक्षीस देणाऱ्याला पुस्तकात ‘संस्कार’ हवे असतात. संस्कार आणि खट्याळपणा एका पुठ्ठ्यात बसवण्याच्या नादात पुष्कळ मुली पानावर येण्याआधीच शहाण्या होतात. ‘मुलींसाठी’ म्हणून वेगळी माला काढण्याची हौसही टाळावी. रमोना आणि तोत्तोचान मुलगेही वाचतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला एक सोय आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, आणि ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. ताम्हनकरांचे निधन जानेवारी १९६१ मध्ये झाले. म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून ‘चिंगी’ कोणालाही नव्या चित्रांसह छापता येते, नाटकात आणता येते, मराठवाड्याच्या बोलीत बोलकी करता येते आणि सायकलवरही बसवता येते.